क्रमशः वाचणाऱ्या भाचीसाठी

पोरी, कुठल्याही मालिकेचा पहिला भाग हातात घेण्याआधी एकच विचार: यातला प्रत्येक भाग आपापला संपतो, की सगळे भाग मिळून एकच गोष्ट आहे? किंमत, मुखपृष्ठ, मैत्रिणीची शिफारस, हे सगळं त्यानंतर. चिंचवडच्या घरी पुढच्या खोलीत मी वर्गणीचं वाचनालय चालवत होते, तेव्हा मालिकांवर चिडलेली माणसं पुष्कळ पाहिली. पुस्तक वाईट निघालं म्हणून चिडलेली थोडी. बाकीच्यांची तक्रार एकच, 'अहो, याला शेवटच नाही.' शेवट नाही हे पहिलं पान उघडण्याआधी कळण्यासारखं होतं. त्यांनी पाहिलं नव्हतं, एवढंच.

आमच्या कपाटात सुट्या भागांची चलती होती. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यातली झुंजारची किंवा काळ्या पहाडाची कुठलीही उचलायची, रात्रपाळीला न्यायची, सकाळी परत आणून टाकायची. नारायण धारपांचे समर्थ, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि फिरोझ इराणी, मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे. नायक तोच, गोष्ट दर वेळी नवी. मधलं पुस्तक दुसऱ्या वर्गणीदाराकडे अडकलं तरी कुणाचं काही अडत नसे.

तुमच्या प्रेमकथांतही हा प्रकार आहे. ज्युलिया क्विनच्या ब्रिजर्टन मालिकेचे आठ भाग २००० ते २००६ या काळात आले. घरात आठ भावंडं, प्रत्येकाच्या लग्नाला एक भाग. पाचवा आधी वाचलास तर बिघडतं काय? पहिल्या चौघांची लग्नं कुणाशी झाली ते कळतं. प्रेमकथेत ते गुपित नसतंच. दोघं एकत्र येणार हे मुखपृष्ठावरच कबूल केलेलं असतं, आपण वाचतो ते कसे येणार यासाठी. अशी मालिका तुझ्यासारख्या पाळीत काम करणाऱ्या माणसाला फार सोयीची. ओव्हरटाइम लागला, ऑडिट आलं, महिनाभर पुस्तकाला हात लागला नाही, तरी तुटत काही नाही.

सलग मालिकेचं मात्र वेगळं. तिची सवय मराठी माणसाला हरिभाऊ आपट्यांनी लावली. १८९० साली त्यांनी 'करमणूक' काढलं आणि आठवड्याला एकेक तुकडा देत कादंबऱ्या लिहिल्या. 'पण लक्षात कोण घेतो?' लोकांनी अशी तुकड्यातुकड्यानं, वाट बघत वाचली. आज तू जी ड्रॅगनवाली रिबेका यॅरॉसची मालिका वाचतेस, तिची तऱ्हा तीच. 'फोर्थ विंग' आणि 'आयर्न फ्लेम' हे दोन भाग २०२३मध्ये, तिसरा 'ऑनिक्स स्टॉर्म' जानेवारी २०२५मध्ये, आणि एकूण पाच भागांची घोषणा. म्हणजे तिसरा भाग संपवून तू भर मध्यात उभी आहेस. हे ठाऊक असून वाचणं आणि ठाऊक नसताना तिसऱ्याच्या शेवटच्या पानावर कोसळणं, यात फरक आहे.

तिसरा प्रकार मिश्र, आणि हल्लीच्या रोमँटसीत, म्हणजे जादूच्या जगातल्या प्रेमकथांत, तो फार. बाहेरची लढाई भागामागून भाग चालू राहते, आतलं प्रेमप्रकरण मात्र कधी एका भागात मिटतं, कधी तीन भाग ताणलं जातं. इथे बघायचं ते असं, की उतरायला मधे स्टॉप कुठे आहे. सारा जे. मासची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही मालिका घे. २०१५, २०१६ आणि २०१७ या तीन वर्षांत आलेले पहिले तीन भाग मिळून एक गोष्ट पुरी होते. २०१८चा चौथा अगदी छोटा, आणि २०२१चा पाचवा दुसऱ्याच जोडीवर जातो. म्हणजे तिसऱ्यानंतर खुशाल उतर, काही राहून गेलं असं होणार नाही. तिचीच 'थ्रोन ऑफ ग्लास' मात्र तशी नाही, तिथे थेट २०१८च्या शेवटच्या भागापर्यंत बसून राहावं लागतं. आणि एक सांगून ठेवते: या बाईंच्या पहिल्या भागातला नायक शेवटपर्यंत नायकच राहील असं धरून जीव लावू नकोस.

आता क्रम. यावर तुमच्या वयाची मुलं एवढी का भांडतात मला कळत नाही. साधा नियम आहे, पुस्तकं छापून आली त्या क्रमानं वाचावीत. लेखकानं कुठली गोष्ट आधी सांगायची आणि कुठली झाकून ठेवायची हे त्या क्रमानं ठरवलेलं असतं. 'नार्निया'मध्ये कपाटातून पलीकडे जायची गोष्ट १९५०ची, आणि ते जग कसं जन्माला आलं ते सांगणारं 'द मॅजिशियन्स नेफ्यू' १९५५चं. हल्लीच्या संचावर मात्र त्यालाच एक नंबर छापलेला असतो, कारण काळाच्या हिशेबात ते आधी घडतं. त्या क्रमानं वाचलंस तर कपाट उघडतं तेव्हा तुला आधीच सगळं ठाऊक, मग मजा कसली? 'थ्रोन ऑफ ग्लास'च्या आधीच्या कथांचं 'द असॅसिन्स ब्लेड' हे पुस्तकही असंच. ते संग्रह म्हणून आलं २०१४मध्ये, मालिकेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांच्या मधे. तिथेच वाचावं. याच मालिकेतले 'एम्पायर ऑफ स्टॉर्म्स' आणि 'टॉवर ऑफ डॉन' हे दोन जाडे भाग तक्ता करून एकाचं एक प्रकरण, दुसऱ्याचं एक प्रकरण असे आलटून-पालटून वाचायची टूम निघाली आहे. दुसऱ्यांदा वाचताना कर. पहिल्यांदा, तेही चाकणला जाताना मोशी ते चिंबळी फाट्याच्या मधे बसमध्ये उभ्यानं, दोन ठोकळे आणि एक तक्ता कोण सांभाळणार?

नियमाला अपवाद लेखकानं स्वतः दिला असेल तरच मान. अमीश यांची शिवत्रयी, म्हणजे २०१०चं 'मेलुहाचे मृत्युंजय', मग 'नागांचे रहस्य' आणि २०१३चं 'वायुपुत्रांची शपथ', ही सरळ क्रमानंच वाचायची. पण त्यांच्या रामकथेच्या मालिकेतले पहिले तीन भाग राम, सीता आणि रावण यांच्या वाटांनी एकाच जागी येऊन थांबतात, म्हणून ते कुठल्याही क्रमानं चालतात. २०२२चा लंकेच्या युद्धाचा चौथा भाग मात्र त्या तिघांनंतरच.

पडद्यावरून पुस्तकाकडे आलेल्यांनी क्रम पुन्हा तपासावा. ब्रिजर्टनच्या २०२४च्या तिसऱ्या हंगामात पुस्तकांतला चौथा भाग आधी घेतला. पडद्यावर तिसरा म्हणून तूही तिसरा मागवलास, तर भलत्याच भावाचं लग्न हातात पडेल.

पैशाचं बोलू. संच घेऊ नकोस. पाच भागांचा खोक्यातला संच स्वस्त दिसतो, पण पहिला भाग आवडला नाही तर उरलेले चार भाग घरात धूळ खातात आणि तुला अपराधी वाटत राहतं. मालिका विकत घ्यायची नसते, भाग विकत घ्यायचा असतो. पहिला वाच, मागून वाच, जमलं तर महापालिकेच्या वाचनालयात शोध. तिथे इंग्रजी मालिका क्वचित मिळतील आणि खुर्च्या स्पर्धापरीक्षावाल्यांनी धरलेल्या असतील, पण मराठी कपाट बघण्यासारखं असतं. पहिला आवडला तर दुसरा विकत घे, आणि दुसरा वाचून झाल्याशिवाय तिसरा नाही. बहुतेक मालिका दुसऱ्या भागात पातळ होतात. पहिल्या भागावर लेखकानं वर्षानुवर्षं हात फिरवलेला असतो, दुसरा प्रकाशकाच्या तारखेला द्यावा लागतो. दुसरा भाग चांगला उतरला तर समज लेखक पक्का आहे.

किलोवर पुस्तकं विकणारी प्रदर्शनं लागतात तिथे जायला माझी ना नाही. पण तिथे तुला दुसरा आणि चौथा भाग मिळतो, पहिला कधीच मिळत नाही. सुट्या भागांच्या मालिकेसाठी ती प्रदर्शनं उत्तम. सलग मालिकेचा मधला भाग स्वस्त आहे म्हणून उचलू नये. सिग्नलवर आणि फुटपाथवर मिळणाऱ्या चोरट्या प्रती तर मुळीच नकोत. लेखकाचा पैसा बुडतो हे आहेच, शिवाय त्यांत पानं गळलेली असतात, आणि ड्रॅगनची लढाई चालू असताना मधली सोळा पानं नसली म्हणजे काय होतं ते अनुभवायला नको. कुठूनही जुनी प्रत घेतलीस तर शेवटचं पान आहे ना आणि मधल्या पानांचे आकडे सलग आहेत ना, एवढं उभ्या उभ्या बघून घ्यावं. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर २०२३पासून पुणे पुस्तक महोत्सव भरतो. पिंपरीहून मेट्रोनं शिवाजीनगरला उतरायचं, काही त्रास नाही. वर्षभराची यादी करून एकदाच जा.

जाड पुठ्ठ्याची, कडा रंगवलेली पहिली आवृत्ती घेण्याचा मोह होतो. घरात काचेच्या कपाटात ठेवायची असेल तर घे. कंपनीच्या बसला, डब्याच्या पिशवीत, आमटी सांडण्याच्या अंतरावर, कागदी बांधणीचीच न्यावी. एक गोष्ट मात्र पाळ: एका मालिकेचे सगळे भाग एकाच आकाराचे आणि एकाच आवृत्तीचे घ्यायचे असतील तर सुरुवातीलाच कागदी बांधणी ठरव. मधेच मुखपृष्ठं बदलतात, आणि मग फळीवर चार भाग एका उंचीचे, पाचवा बोटभर उंच. हे दुःख क्षुल्लक आहे, पण आयुष्यभर डोळ्यांसमोर राहतं.

मराठीतून मालिका वाचणार असशील तर पहिला भाग घेण्याआधी शेवटचा भाग मराठीत आला आहे का ते विचार, आणि अनुवादक तोच आहे का तेही बघ. अनुवादक बदलला की पात्रांची नावं, शस्त्रांची नावं, शिव्यासुद्धा बदलतात. अनुवादक तोच असला की भागामागून भाग वाचताना जग तेच वाटतं.

आठवणीचं जरा सविस्तर सांगते, कारण तुझी खरी अडचण ती आहे. पंधरा महिन्यांनी पुढचा भाग येतो आणि मागचं काही आठवत नाही, म्हणून तू पहिल्यापासून पुन्हा वाचायला बसतेस, आणि नव्या भागापर्यंत पोचेस्तोवर थकून जातेस. त्याची गरज नाही. पाळी बदलताना तू लाइनवर रजिस्टरमध्ये हँडओव्हर लिहितेस ना, काय झालं, काय अडकलंय, पुढच्यानं कशावर नजर ठेवायची? भाग संपला त्याच दिवशी तसंच अर्धं पान लिहायचं. गोष्टीचा सारांश लिहू नकोस, तो कुठेही मिळतो. लिहायचं ते असं: शेवटच्या पानावर कोण कुठे आहे. कोण मेलं, आणि कोण मेलं असं फक्त इतरांना वाटतंय. कुठलं गुपित कुणाला ठाऊक आहे आणि कुणाला नाही. कुणी कुणाला काय वचन दिलं. लेखकानं मुद्दाम दोनदा उल्लेख केलेली पण अजून उपयोगात न आणलेली वस्तू कुठली, अंगठी, पत्र, दार, जे काही असेल ते. सर्वांत शेवटी एक ओळ तुझ्या अंदाजाची, पुढे काय होणार याची. वर्षानं ती ओळ वाचताना फार गंमत येते.

यात गुपित कुणाला ठाऊक आहे याची नोंद सगळ्यांत महत्त्वाची. प्रेमकथेत दोघांमधला सगळा ताण त्यावरच उभा असतो. तिला कळलंय, पण तिला कळलंय हे त्याला माहीत नाही. एवढं विसरलं की पुढच्या भागातल्या पहिल्या शंभर पानांचे रुसवे डोक्यावरून जातात. नावं देवनागरीत लिही. इंग्रजी कल्पित नावं आपण डोळ्यांनी नुसती ओळखतो, उच्चारत नाही. एकदा उच्चार ठरवून मराठीत लिहिलं की नाव डोक्यात बसतं. उच्चार चुकला तरी हरकत नाही, लेखिका चाकणला ऐकायला येणार नाही. नवा भाग आला की हे अर्धं पान वाच, मागच्या भागाची शेवटची दोन प्रकरणं वाच, आणि सुरू कर.

रात्री कुठे थांबायचं हेही शिकून घे. सकाळी सातची पाळी आणि साडेपाचला बस, तरी रात्री दीडपर्यंत वाचत बसतेस असं तुझी आई सांगते. कारण तू 'एवढं प्रकरण संपवते आणि झोपते' असं ठरवतेस. अगं, प्रकरणाचा शेवट तर तू पान उलटावंस म्हणूनच लिहिलेला असतो. दार वाजतं, तलवार उपसली जाते, ओळखीचा आवाज येतो आणि प्रकरण संपतं. साप्ताहिकांचे लेखक हेच करायचे, वाचकानं पुढचा अंक घ्यावा म्हणून. तिथे थांबू नये. प्रकरणाच्या मधे, जिथे माणसं जेवताहेत किंवा घोड्याला पाणी पाजताहेत, तिथे खूण घालून पुस्तक मिटावं. शांत झोप लागते. दुसऱ्या दिवशी तो थरारक शेवट बसमध्ये, जागेपणी, तळेगाव चौकातल्या कोंडीत वाचायला मिळतो, आणि त्या कोंडीचंही काही वाटत नाही.

फोनवरच्या मालिकांबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण तुझ्या बसमध्ये पुस्तकापेक्षा ते वाचन जास्त चालतं हे मला माहीत आहे. प्रतिलिपी ॲपवर आज मराठीत प्रेमाच्या, भुताखेतांच्या, राजघराण्यांच्या मालिका निघतात तेवढ्या छापील बाजारात निघत नाहीत. काही लोक त्यांना नाकं मुरडतात. अर्नाळकरांनाही मुरडायचे. माझं म्हणणं एवढंच, की तिथे निवड तुलाच करावी लागते, मधे संपादक नाही. आधी मालिका पूर्ण झाली आहे का ते बघ. चालू असेल तर शेवटचा भाग कधी टाकलाय ती तारीख बघ; सहा महिने हालचाल नसेल तर लेखिकेचं लग्न झालं, नोकरी लागली किंवा उत्साह संपला असं समजून पुढे जा. पुढचे भाग कुलपात असतात. थांबलं तर उघडतात, नाणी घातली तर लगेच. थांबायचं. दोन-दोन मिनिटांच्या भागांसाठी नाणी घालत गेलीस तर महिन्याअखेर छापील कादंबरीची किंमत निघून गेलेली असते, आणि हातात पुस्तकही नसतं. एखादी लेखिका खरंच आवडली तर ठरवून वर्गणी भर, तिला पैसे मिळू देत. पण ते ठरवून, रात्री साडेबाराला अंगठ्यानं नाही.

तिथल्या मालिकांत एक खोट वारंवार दिसते. वाचकांना दोघांचं भांडण आवडलं की भांडण लांबतं, खलनायिका आवडली की ती मरायचं नाव घेत नाही. साठाव्या भागात गोष्ट विसाव्या भागाच्याच जागी असेल तर सोडून दे. पुढे काही घडणार नाही.

आणि वाट बघण्याचं. जॉर्ज मार्टिन यांच्या बर्फाच्या आणि आगीच्या मालिकेचा पहिला भाग १९९६चा, पाचवा २०११चा, सहावा अजून यायचा आहे. टीव्हीवरची मालिका २०१९मध्ये संपूनही गेली. पॅट्रिक रॉथफस यांचे दोन भाग २००७ आणि २०११मध्ये आले, तिसऱ्याची लोक अजून वाट पाहताहेत. लोक या लेखकांना शिव्या घालतात. मला ते पटत नाही. तू जो भाग विकत घेतलास तो तुला मिळाला, तिथे व्यवहार संपला. पुढचा भाग लिहिणं हे लेखकाचं तुझ्याकडचं कर्ज नाही, आणि वाट बघत बसणं हेही तुझं त्याच्याकडचं कर्ज नाही. हरिभाऊ १९१९मध्ये गेले तेव्हा 'कर्मयोग' अपुरीच राहिली. ती कुणी जाणूनबुजून अर्धवट ठेवली नव्हती. उलटी उदाहरणंही आहेत. रॉबर्ट जॉर्डन यांनी 'व्हील ऑफ टाइम' १९९०मध्ये सुरू केली आणि २००७मध्ये ते वारले. मागे ठेवलेल्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी ती पुढे नेली आणि चौदावा, शेवटचा भाग २०१३मध्ये आला. आपल्याकडचे नाथमाधव शिकारीच्या नादात सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कायमचे अधू झाले. वाचनाचा आणि लेखनाचा नाद त्यांना त्यानंतर लागला. १९१३ची अद्भुतरम्य 'वीरधवल' आणि पुढे स्वराज्यावरच्या कादंबऱ्यांची अख्खी मालिका, हे सगळं त्या अधू शरीरातून आलं. १९२८मध्ये, पन्नाशीही न गाठता, ते गेले. कोण पुरं करेल आणि कोण नाही हे वाचकाला सांगता येत नाही, म्हणून त्यावर आपला आनंद टांगून ठेवू नये.

त्यासाठी सोपी युक्ती म्हणजे एका वेळी चालू मालिका दोनच धरायच्या. तिसरी आवडली तर नाव लिहून ठेव आणि ती पुरी होण्याची वाट बघ. मधल्या काळात संपलेल्या मालिका आणि एकेकटी पुस्तकं वाच. डायना गॅबल्डनची 'आउटलँडर' १९९१पासून चालू आहे, नववा भाग २०२१मध्ये आला, आणि इतक्या वर्षांत जोडपं तेच. लग्नानंतरचं प्रेम एवढं लांबवर लिहिणारं फार कुणी नाही. तिचा पहिला भाग वाचून थांबलीस तरी पदरात पूर्ण कादंबरी पडते. चालू मालिका निवडायचीच तर अशी निवड, जिचा पहिला भाग एकटाही उभा राहतो.

सोडायचं कधी? भागाच्या मधे सोडू नकोस, भागाच्या शेवटी सोड. मधे सोडलेलं डोक्यात कुरतडत राहतं. भाग संपवून तीन दिवस थांब. तिसऱ्या दिवशी त्यातल्या एखाद्या माणसाची आठवण येत असेल तर पुढचा भाग घे. नुसतं 'शेवटी काय झालं असेल' एवढंच वाटत असेल तर शेवट कुणाला तरी विचार आणि मोकळी हो. त्यात लाज नाही.

शेवट फोडण्याचं म्हणशील तर बसमध्ये एकच शिष्टाचार पाळा: बोलायच्या आधी 'तू कितव्या भागावर आहेस?' असं विचारायचं. अमेरिकेत नवं पुस्तक बहुधा मंगळवारी बाहेर पडतं आणि तुमच्या युनिटची सुट्टी गुरुवारी. मधले दोन दिवस फोनपासून जरा जप.

तुझ्या रोमँटसीतल्या शृंगाराबद्दल तुझी आई मला विचारत होती. मी तिला सांगितलं, पोरगी कमावती आहे, वाचू दे. पण तू एक कर. मुखपृष्ठावर ड्रॅगन आणि फुलं आहेत म्हणून दहावीतल्या धाकटीच्या हातात पुस्तक ठेवू नकोस. यातल्या काही मालिका आधी किशोरवयीनांच्या फळीवर मांडल्या गेल्या आणि नंतर मोठ्यांसाठी म्हणून नव्या वेष्टनात आल्या. वेष्टन बदललं तरी आतला मजकूर तोच. स्वतः वाचल्याशिवाय लहानांना द्यायचं नाही.

राहिलं पुस्तक उसनं देण्याचं. ते वाचनालयात शिकलेलं सांगते. पहिला भाग कुणालाही खुशाल दे; परत नाही आला तर तो दुकानात सहज मिळतो, आणि वाचणारीला गोडी लागली तर पुढचा ती स्वतः घेईल. शेवटचा भागही दे, तो परत येतो, कारण वाचून झाल्यावर त्याच्यावर बोलायला कुणीतरी लागतंच. मधला भाग मात्र घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. मधला भाग परत येत नाही, आणि नेमका हवा तो सुटा विकत मिळेलच असं नाही.